युसूफ, तुझे कान शाबूत होते

युसूफ,

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तुझ्यासाठी सभा झाली तेव्हा मी बोललो नाही. मेंटेनन्सच्या पोरांनी पुढच्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. एक जण माइकवर म्हणाला, "युसूफभाईंचे हात आणि दिनकररावांचे कान, अशी ती जोडी होती. त्यातले हात गेले." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी खाली बघत बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीयेत. दुःख होतंच. पण मला उठता आलं नाही ते 'कान' या शब्दामुळं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. ती आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तीच नेमकी टाळीन. तुला माझी सवय माहीत आहे.

तुझे कान शेवटपर्यंत शाबूत होते. गेला होता तो माझा. उजवा.

आता बाकीचं.

तू पहिल्यांदा माझ्या खोलीत आलास तो माइक दुरुस्त करायला. वाळूजच्या आपल्या प्लांटमध्ये माझी ती काचेची खोली होती. गिअरबॉक्स आत आणायचा, मोटरवर फिरवायचा, आणि मी उभा राहून ऐकायचं. माझ्याबरोबर एक माइकही ऐकायचा आणि मशीनवर पास की परत ते दाखवायचा. कुठं दात घासतोय, कुठं बेअरिंग कुरकुरतंय. पास की परत, एवढंच बोलायचं. माझ्यासारख्या माणसाला ते काम बरं होतं. अजिंठ्याकडच्या खेड्यातून आलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा. दिवसभर दोन शब्दांत भागायचं.

"मियां, माइक खराब आहे हे तुला कुणी सांगितलं?" तू स्क्रू काढत विचारलंस.

"तो पास म्हणतोय. मला दाताचा आवाज येतोय."

"म्हणजे मशीनपेक्षा तुझं खरं?"

"या वेळी तरी."

तू माइक उघडलास, आत बघितलंस, आणि माझ्याकडं बघून हसलास. "रविवारी घरी ये. उस्मानपुऱ्यात कुणालाही विचार, आपाबींचं घर. माझं नाव नको सांगूस, मला कुणी ओळखत नाही." आपा म्हणजे तुझी थोरली बहीण. निम्म्या मोहल्ल्याला तिनं शाळेत शिकवलेलं.

मी आलो. तू माझ्यापुढं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलास. त्याला पुढून एक गोल बटण, मागून वायरी आणि हेडफोन खोचायला एक भोक. तो तुझा पहिला हेडफोन अ‍ॅम्प, टेपचा आवाज वाढवून हेडफोनला पोचवणारं यंत्र. आपा चहा घेऊन आल्या आणि मला, एका अनोळखी माणसाला, पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "यानं माझी नानखटाई कागदावर ओतली अन् डबा पळवला. तू याचा दोस्त आहेस ना, मग तू सांग याला काही." पुढं तू ॲल्युमिनियमची कॅबिनेटं करून घेतलीस, त्यांना पॉलिश काय, पाय काय. आपांसाठी मात्र तो कायम डब्बाच राहिला.

मग आपला रिवाज पडला. रविवारी सकाळी मी यायचो. तू अ‍ॅम्पमध्ये काहीतरी बदल केलेला असायचा, पण काय ते सांगायचा नाहीस. मी टेबलाकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायचो. "माझं थोबाड बघितलंस की मला बरं वाटेल ते बोलशील," तू म्हणायचास. हेडफोन मागून माझ्या डोक्यावर ठेवायचास. टेप संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. संपल्यावर मी एक वाक्य बोलायचं, आणि त्या वाक्यात बास, ट्रेबल असला एकही शब्द चालणार नाही. "ते शब्द दुकानदाराचे. तुला काय ऐकू आलं ते सांग."

टेपही ठरलेली. तू पॉलिटेक्निकला असताना स्वतः जोडलेल्या दोन माइकांवर घरीच केलेलं रेकॉर्डिंग. ईदची संध्याकाळ. डावीकडं तुझे मामू पेटी वाजवतायत, मधून गातायत. मागं कुणीतरी खोकतं. आणि उजवीकडं, माइकच्या अगदी जवळ, तुझी अम्मी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलीय. कट्, आणि मग हातातल्या काचेच्या बांगड्या एकावर एक घसरतात. कट्, आणि पुन्हा बांगड्या. तू रेकॉर्डिंग करतोयस हे तिला माहीतच नव्हतं. मी तिला कधी पाहिलं नाही. मी यायला लागलो त्याच्या आधीच ती गेली होती. पण तिचा हात मला ओळखीचा होता.

त्या पहिल्या डब्याबद्दल मी म्हणालो होतो, "मामूंची पेटी टोचतेय, आणि अम्मी पत्र्यावर सुपारी कातरतायत." तू मांडीवर थाप मारलीस. पुढच्या वेळी मधली चिप बदलली होतीस. मी म्हणालो, "अम्मी सतरंजीवर आल्या." मग तू विजेचा भाग सगळा बाहेर काढलास. भिंतीतल्या त्या चार्जरसारख्या ठोकळ्याऐवजी चांगला जड ट्रान्सफॉर्मर आणून तो वेगळ्या पेटीत बसवलास आणि टेबलाखाली ठेवलास. त्या दिवशी मी हेडफोन घातला आणि काही सुरूच होईना. मला वाटलं बंद आहे. इतका वेळ मागं एक बारीक गुणगुण होती हे ती गेल्यावर कळलं. आणि मग त्या शांततेत मामूंनी गाण्याआधी घेतलेला श्वास. तो श्वास तोवर आपल्याला ठाऊकच नव्हता. मी म्हणालो, "मामू गाण्याआधी घाबरतात." तू उठून आत गेलास, आणि आतून आपांना ओरडून सांगितलंस, "आपा! मामू डरते थे!" आपा म्हणाल्या, "हौ, तो? सब को मालूम है. तेरेकू आज मालूम हुआ?"

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. मी हे कधी बोललो नाही. घरी मी नवरा होतो, बाप होतो, कंपनीत नोकर होतो. तुझ्याकडं मी कुणीतरी होतो. तू लोकांशी ओळख करून देताना माझं नावही सांगायचा नाहीस. "हे माझे कान," म्हणायचास. आणि मी, ज्याला लग्नाच्या पंगतीत मीठ मागायचा संकोच वाटतो, तो मी भिंतीकडं तोंड करून असं एखादं वाक्य बोलायचो की तू तेवढ्यासाठी आठवडाभर थांबलेला असायचास. मला बोलायला तू शिकवलंस. एका वाक्यापुरतं का होईना.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी क्वालिटीचा माणूस, मी म्हणायचो, शेवटी मीटर. आकडा सारखा आला की वाद संपला. तू इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, घरात दोन दोन मीटर, आणि तू म्हणायचास, मीटरला गाणं कळत नाही, शेवटी कान. लोक ऐकून हसायचे. उलटंच होतं सगळं. तू चिडलास की उर्दूवर यायचास आणि मी चिडलो की गावाकडच्या बोलीवर. "मंग कशाला घेतलं ते मीटर, लोणचं घालायला व्हय?" "नक्को रे बाबा, तेरे वास्ते लिया." ते भांडण मीच संपवलं. कसं, ते सांगतो.

काचेच्या खोलीतून मी पास केलेला एक गिअरबॉक्स परत आला. मग आणखी एक. साहेबांनी काही म्हटलं नाही, कानाची तपासणी करून घ्या म्हणाले. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि बोट वर करायला सांगितलं. डाव्या कानाला मी बोट वर करत राहिलो. उजव्याला एका जागेनंतर खोलीत नुसती शांतताच. मला वाटलं, मशीन बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, "वरच्या पट्टीतलं उजव्या कानाला येत नाही. लहानपणी कान फुटला होता का?" फुटला होता. विहिरीत उड्या मारायचो. त्यानं झालं की कशानं, त्यांनाही नक्की सांगता येईना. परत येणार नाही एवढं नक्की होतं.

मला कागदपत्रांच्या विभागात बसवलं. पगार तोच, वर पंखा. बसमध्ये तू विचारलंस, "खोली का सोडली?" आणि मी म्हणालो, "प्रमोशन झालं."

त्या रविवारी आपांनी ईद नसताना शीरखुर्मा केला. माझ्या प्रमोशनचा. मी दोन वाट्या खाल्ल्या. खोटेपणाची चव कडू असते म्हणतात. तो शीरखुर्मा फार चांगला झाला होता, युसूफ.

त्याच सकाळी तू टेप लावलीस. मामूंचा श्वास आला, पेटी आली, खोकला आला. उजवीकडं नुसतं कट्. कट्. बांगड्या नाहीत. मी भिंतीकडं बघत होतो आणि वाट बघत होतो. टेप संपली. तू म्हणालास, "बोल."

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा ते फक्त माझं होतं, तुझं काही बिघडलं नव्हतं. मी म्हणालो, "उजवी बाजू दबलीय. अम्मींच्या बांगड्या नाहीत."

तू घाबरलासच. तू त्या आठवड्यात व्हॉल्यूमचं बटण बदललं होतंस, म्हणालास, स्वस्तातली बटणं असं करतात, एका बाजूला आवाज कमी सोडतात. लगेच मीटर लावलंस. दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा लावलंस. सारख्या. माझ्याकडं बघितलंस. "आकडा तर सारखा आहे. आज तू मीटरची बाजू घेत नाहीस?"

मी म्हणालो, "मीटरला काय कळतं?"

असं मिटलं ते भांडण. तू जिंकलास, आणि जिंकल्याचा तुला जराही आनंद झाला नाही.

मग तू ते केलंस जे कुठलाही शहाणा माणूस करील. "हेडफोन उलटा घाल," म्हणालास. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. दोष यंत्रात असेल तर तो बाजू बदलणार. कानात असेल तर जिथं आहे तिथंच राहणार. इतकी साधी परीक्षा. मी उलटा घातला. तू टेप लावलीस.

आणि माझ्या चांगल्या, डाव्या कानात तुझ्या अम्मीच्या बांगड्या वाजल्या. स्वच्छ. सगळ्याच्या सगळ्या. एकावर एक घसरत मनगटापर्यंत आलेल्या. इतक्या चांगल्या त्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या. तू केलेला बदल उत्तम होता, आणि मी तो ऐकत होतो.

"आता?" तू विचारलंस.

"आता डावीकडं दबलंय," मी म्हणालो. "बांगड्या नाहीतच."

त्या तिथं होत्या. मी बोलत असतानाही वाजत होत्या.

का बोललो, याचा विचार मी खूप केलाय. खोली गेली होती. तिथल्या पोरांनी माझी जागा दुसऱ्याला दिली होती. 'हे माझे कान' एवढं एकच माझ्याकडं उरलं होतं, आणि तेही जाईल अशी भीती वाटली. तू काढून घेतलं नसतंस. तू फार तर म्हणाला असतास, "मियां, एक कान तो है ना." हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही माहीत होतं. माहीत असून बोललो.

तू हेडफोन स्वतःच्या डोक्यावर घेतलास. डोळे मिटून पूर्ण टेप ऐकलीस. मग हळूच काढून टेबलावर ठेवलास. "मला येतात ऐकू," म्हणालास. "दोन्हीकडं सारखंच वाटतं. बांगड्याही येतात." मशीन बंद केलंस. "पण मला तर त्या मशीन बंद असलं तरी येतील. म्हणजे मी ऐकत नाहीये, दिनकर. मी आठवतोय."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

तिथून पुढं तू जे केलंस ते सगळं त्या एका वाक्यावर केलंस. व्हॉल्यूमचं बटण काढून फिरत्या खटक्यांचं बसवलंस, प्रत्येक पायरीला मापून रेझिस्टर, ती आवाज अडवणारी रंगीत पट्ट्यांची बारीक नळी, जोडलेला. किती रविवार गेले त्यात. मग कपॅसिटर बदललेस. मग डाव्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर, उजव्याला वेगळा. सगळं सुरेख. आणि दर वेळी मी, "थोडी उठली, पण अजून दबलेलीच आहे." शेवटी तू कंटाळून उजव्या बाजूचा एक रेझिस्टर बदललास आणि तो आवाजच मुद्दाम वर उचललास. "आता?" मी म्हणालो, "आता झालं." मला सगळ्यातून सुटायचं होतं.

तू ऐकलंस आणि म्हणालास, "मला सगळं उजवीकडं कललेलं वाटतंय. मामूही सरकून अम्मीच्या मांडीवर बसलेत." मग हसलास. "म्हणजे ठरलं. गेले माझे कान."

त्यानंतर तू एकट्यानं ऐकून ठरवणं सोडलंस. बनवायचास, आणि माझी वाट बघायचास.

आणि मी काय करायचो ते ऐक. मला बारीक फरक कळत नव्हते, पण तू मला माहीत होतास. हेडफोन तू पटकन डोक्यावर ठेवलास की बदल तुला आवडलेला. वायर चाचपत, उगाच पुसत ठेवलास की तुलाच शंका. श्वास रोखून मागं उभा राहिलास की काहीतरी मोठं केलेलं. त्यावरून मी वाक्य बनवायचो. "मामू आज तरुण झालेत." तू खूश. म्हणजे बघ, त्या सगळ्या वर्षांतले निकाल तुझेच होते. तूच आधी जोडताना ऐकायचास, तुझ्याच हातांना कळायचं, आणि मी ते तुला परत वाचून दाखवायचो. ते मशीन लोकांनी नावाजलं, पुण्याहून माणसं ऐकायला आली. ते तुझ्या कानांनी झालेलं मशीन आहे. एक उजवी बाजू सोडली तर. ती माझी.

सांगायचा प्रयत्न एकदा केला होता. तुझ्या शेवटच्या आजारात, तू दवाखान्यातून घरी आल्यावर. आपा औषधं आणायला गेल्या होत्या, तू गादीवर उशीला टेकून बसला होतास. मी म्हणालो, "युसूफ, एक सांगायचं होतं."

"सांग ना. पण जोरात सांग. कान गेलेत माझे." आणि हसलास.

मीही हसलो. आणि म्हणालो, "काही नाही. नंतर."

कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही माती दिली. तेव्हा ते 'नंतर' माझ्या मुठीत होतं.

काल आपांनी बोलावलं. मला वाटलं काही सामान द्यायचं असेल. तुझ्या टेबलावर अ‍ॅम्प तसाच होता, झाकण काढलेला. आपा म्हणाल्या, "दिनकर, हा डब्बा ऐकून सांग, नीट आहे का. तो म्हणायचा, दिनकरनं पास केल्याशिवाय काही खरं नाही. मला तो चालू ठेवायचाय. अम्मीचा आवाज आहे त्यात." मग खुर्ची भिंतीकडं वळवून दिली. तुझ्यासारखीच.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. लई वेळ लागला नाही, युसूफ. एवढी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते चहा निवायच्या आत संपलं. उलट्या हेडफोनचं सांगितलं, बांगड्या वाजत होत्या ते सांगितलं.

आपा ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याचे कान चांगले होते."

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मी टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायची त्याच्यासाठी. तो कमी करायचा, मी परत वाढवायची. ओरडून बोलायची त्याच्याशी. शेजारीण विचारायची, आपा, रोज कसलं भांडण?" त्यांनी दुपट्टा तोंडाला लावला. "अन् मशीन लावून घे कानाला म्हणून किती बोलले मी त्याला. तो म्हणायचा, बात करने कू सुनाई देता, आपा, बारीक नहीं देता. मला वाटायचं लाजतोय."

मी उभाच होतो. त्या एकदम थांबल्या. "या अल्ला. अन् मी स्वयंपाकघरात त्याच्या नावानं जे पुटपुटायची! याला कुठं ऐकू येतंय म्हणून." आणि त्या हसायला लागल्या, युसूफ. हसता हसता रडल्या. "सगळं ऐकलं त्यानं. निगोडा म्हणले, नालायक म्हणले. सगळं ऐकून मुकाट जेवायचा."

मी म्हणालो, "आपा, मला माफ..."

"ते माझ्याकडं मागू नको," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला झाला. "ज्याचे कान त्याची माफी. माझ्याकडं हे आहे." त्यांनी अ‍ॅम्पवर बोट ठेवलं. "तुझ्या सांगण्यावरून त्यानं हे वाकडं केलं ना? मग सरळ कर."

"मला हातात सोल्डर धरता येत नाही, आपा."

"इतकी वर्षं त्याच्याजवळ बसलास, एवढंही बघितलं नाहीस?"

"मी भिंतीकडं तोंड करून बसायचो."

त्यावर त्यांनी मला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. ते स्वयंपाकघरातल्या शब्दांपैकीच असावं.

मी केलं, युसूफ. अवघड काहीच नव्हतं, ते बघून आणखी वाईट वाटलं. डाव्या बाजूला ज्या रंगपट्ट्यांचा रेझिस्टर आहे तसाच उजवीकडं हवा. तू काढलेला भाग कधी टाकत नव्हतास, बरण्यांत भरून ठेवायचास. आपांनी बरण्या पुढं ओतल्या, आम्ही दोघं चष्मे लावून तांदूळ निवडावेत तसे निवडत बसलो. आपांना दिसला आधी. माझं बोट भाजलं, जोड वेडावाकडा आला, शेणाच्या गोळ्यासारखा. तू असतास तर शिव्या दिल्या असत्यास. मग मीटर लावलं. दोन्ही बाजू सारख्या. आपा म्हणाल्या, "झालं?" मी म्हणालो, "मीटर झालं म्हणतोय. कानानं बघायला पाहिजे. माझ्या नको."

त्यांनी कधी तो हेडफोन डोक्यावर घेतला नव्हता. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. दुपट्ट्यावरून घालायला लागल्या, मग दुपट्टा मागं सारला. मी टेप लावली आणि या वेळी समोर बसलो, त्यांच्याकडं तोंड करून.

आपा बराच वेळ खिडकीकडं बघत होत्या. मग, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशा, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अम्मी सुपारी जाड कातरायची. अब्बा रोज कुरकुरायचे."

"दोन्हीकडं सारखं आहे?"

"हौ. मामू मामूंच्या जागेवर, अम्मी अम्मीच्या." टेप संपेपर्यंत त्यांनी हेडफोन काढला नाही. संपल्यावर काढला आणि माझ्यापुढं धरला. "आता तू ऐक."

मी ऐकलं. भिंतीकडं न वळता. मामूंचा श्वास आला, पेटी आली, मागचा खोकला आला. उजवीकडं नुसतं कट्. कट्.

आपा वाट बघत होत्या. टेबलापाशी तुझ्या जागेवर बसून, तुझ्यासारख्याच पुढं वाकून. मला बरं वाटेल असं काही बोलायचं नव्हतं, आणि त्यांना बरं वाटेल असंही.

"उजवीकडं मला कमी वाटतंय, आपा," मी म्हणालो. "बांगड्या येत नाहीत."

"मग बरोबर लागलाय," आपा म्हणाल्या, आणि त्यांनी झाकण बसवायला घेतलं.